एफाची टेकडी

मोर्स्कोये म्हणजे रशियनमध्ये 'समुद्राचं'. बसमधून उतरलो आणि समुद्र शोधू लागलो, तर तो कुठे दिसेचना. गाव बसलंय खाडीकडे तोंड करून. समुद्र पाठीमागे, पाइनच्या रानापलीकडे. समोरच्या पाण्याला इथले लोक 'झालीव' म्हणजे उपसागर म्हणतात, पण बोट बुडवून जिभेला लावलं तर जवळजवळ गोडच. दुसरं महायुद्ध संपेपर्यंत हे गाव पिल्कोपेन होतं. त्या नावाच्या शेपटीत वाळूच्या टेकडीसाठीचा बाल्टिक शब्द आहे. जुन्या नावाला गावाचा पत्ता ठाऊक होता. नवं नाव कुणीतरी कचेरीत नकाशा उलगडून ठेवलं असावं, असं माझं मत झालं आणि पुढचे तीन दिवस ते काही बदललं नाही.

शाळेच्या भूगोलात 'वाळूचा दांडा' शिकलो होतो, तो हा असा. कुरोनियन दांडा ९८ किलोमीटर लांब आणि काही ठिकाणी रुंदीला चारशे मीटरसुद्धा नाही. उत्तरेकडचे ५२ किलोमीटर लिथुआनियाचे, दक्षिणेकडचे ४६ रशियाचे. या ४६ किलोमीटरांत गावं तीनच: लेस्नोय, रिबाची, मोर्स्कोये. जंगलाचं, कोळ्याचं, समुद्राचं. पूर्वीची ती सार्काऊ, रोसिटेन, पिल्कोपेन. पॉट्सडॅमच्या वाटाघाटींनंतर पूर्व प्रशियाचा हा उत्तर भाग सोव्हिएत संघाकडे आला, ४ जुलै १९४६ला कोनिग्सबर्गचं कालिनिनग्राद झालं आणि गावोगावच्या पाट्या उतरल्या. माणसंही बदलली. लाल सैन्य जवळ आलं तशी कित्येक कुटुंबं १९४५च्या हिवाळ्यात घरं सोडून निघाली. प्रदेशात उरलेल्या जर्मनांना १९४७-४८मध्ये गाड्यांत बसवून जर्मनीला पाठवलं गेलं. रिकाम्या घरांत रशिया-बेलारूसची माणसं येऊन राहिली.

'जर्मन गाव' म्हणताना एक अडचण मात्र आहे. इथले कोळी कागदोपत्री जर्मन, चर्चमध्ये जर्मन, पण घरात आणि होडीत बोलायचे ती कुर्सेनिएकी, लाटव्हियनच्या जवळची बोली. होड्यांच्या डोलकाठीवर रंगीत लाकडी निशाणं असत, कुणाची होडी कुठल्या गावची ते लांबून ओळखू यावं म्हणून. हा नियम १८४४मध्ये मासेमारी खात्यानं केला. कोळ्यांनी त्या सरकारी पट्टीवर घरं, होड्या, माणसं कोरून तिला दागिना करून टाकलं. गावातल्या नव्या घरांवर आता तीच निशाणं शोभेला लावलेली दिसतात.

मी उतरलो होतो ते घर जुनं. घरमालकीण सत्तरीच्या पुढच्या, त्यांचे आईवडील युद्धानंतर बेलारूसमधून आलेले. माझं रशियन 'धन्यवाद'च्या पुढे जात नाही, म्हणून बोलणं दोघांत एक मोबाइल ठेवून. स्वयंपाकघरात भिंतीला धरून बांधलेली मोठी चूल होती. तिच्या बिडाच्या झडपेवर उठावाची जर्मन अक्षरं होती, घासून घासून निम्मी गेलेली. काय लिहिलंय, विचारलं. त्यांनी खांदे उडवले. "माहीत नाही. पण ओढ चांगली आहे हिची, धूर घरात येत नाही." आणि ताटात धुरी दिलेल्या माशाचा आणखी एक तुकडा वाढला.

दुसऱ्या दिवशी बसनं उलटं, तेविसाव्या किलोमीटरवरच्या 'फ्रिंगिला' या पक्षिकेंद्रावर गेलो. खरं सांगायचं तर मी आलो होतो याच्यासाठी. २०१९मध्ये कालिनिनग्रादपुरता फुकट ई-व्हिसा सुरू झाला आणि सप्टेंबर हा पक्ष्यांच्या परतीचा महिना, एवढा विचार पुरेसा होता. योहानेस टीनेमान नावाच्या, धर्मशास्त्र शिकलेल्या गृहस्थानं १९०१मध्ये रोसिटेनला पक्षिनिरीक्षण केंद्र काढलं. कायमस्वरूपी चालणारं जगातलं पहिलं. १९०३पासून तो पक्ष्यांच्या पायात कड्या घालू लागला. आधी कावळ्यांच्या, कारण कावळे आयते मिळायचे. इथले कोळी हिवाळ्याच्या तोंडाशी जाळ्यात कावळे धरत, डोक्याला कडकडून चावा घेऊन मारत आणि पिंपात खारवून ठेवत. अशा माणसाला 'कावळे चावणारा' असंच नाव होतं. त्याच कावळ्यांतले काही टीनेमाननं घेतले आणि कडी घालून सोडून दिले.

फ्रिंगिलाचा सापळा म्हणजे जाळ्याचं अवाढव्य नरसाळं. तोंड चार-पाच मजली इमारतीएवढं, मागे निमुळतं होत होत शेवटी एक पेटी. पेटीतून काढलेला चिमुकला पक्षी तिथल्या तरुणानं मुठीत धरला. मान दोन बोटांच्या बेचक्यात, पोट वर. पोटावर फुंकर मारली. पिसं बाजूला झाली आणि पातळ कातडीखाली पिवळसर चरबी दिसली. प्रवासाची शिदोरी किती बांधलीय ते पाहायची ही रीत. मग पंखाला पट्टी, पायात कडी, डोकं खाली करून सुळक्यात खुपसून वजन. काटा बघून आकडा वहीत. मिनिटभरात पक्षी खिडकीबाहेर. कडीवर नंबर आणि रोमन लिपीत 'मॉस्कवा'. टीनेमानच्या कड्यांवर 'रोसिटेन' असायचं. त्याचं केंद्र युद्धानंतर जर्मनीत राडोल्फत्सेलला पुन्हा उभं राहिलं; इथलं काम लेव बेलोपोल्स्की यांनी १९५६मध्ये परत सुरू केलं. नकाशावर रोसिटेन हे नाव उरलं नव्हतं, तेव्हाही ते लिहिलेल्या कड्या कुठल्या ना कुठल्या पायात उडत असणार.

भारतात जाणारा कुणी आहे का, मी विचारलं. "चेचेवित्सा," तो म्हणाला. मोबाइलनं भाषांतर केलं: मसूर! तरुण हसायला लागला. रशियनमध्ये डाळीला आणि त्या पक्ष्याला एकच शब्द. त्यानं पुस्तकातलं चित्र दाखवलं: गुलाबी डोक्याची, गुलाबी छातीची रोजफिंच. इथले बहुतेक पक्षी दक्षिणेला किंवा नैर्ऋत्येला जातात, ही मात्र पूर्वेकडे निघून वळसा घालून आपल्याकडे येते. हिवाळ्यात सह्याद्रीत मी पाहिलेली आहे. "उशीर केलात," तो म्हणाला. "ती तर केव्हाच गेली."

शेवटच्या सकाळी गावामागची टेकडी चढलो. समुद्रसपाटीपासून ६२ मीटर. वाळू तुडवू नये म्हणून वर जायला लाकडी फळ्यांची वाट केली आहे. वरून खाडी, समुद्र आणि मध्ये मूठभर छपरं, एका नजरेत. गावात माणसं दीड-दोनशे. पण ते छोटं राहिलं याचं नवल नाही, राहिलं याचंच नवल. अठराव्या शतकात दांड्यावरची झाडं बेसुमार तुटली, सात वर्षांच्या युद्धात तर जास्तच. आणि मोकळी झालेली वाळू वाऱ्याबरोबर चालू लागली. रोसिटेनशेजारचं कुन्त्सेन गाव तिच्याखाली गेलं. पिल्कोपेननं अनेकदा बिऱ्हाड हलवलं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रांझ एफा या सरकारी वाळू-निरीक्षकानं ही चालती वाळू थांबवली. काटक्याकुटक्यांची कुंपणं रोवून वाळूचे चौकोन पाडायचे, वारा अडवायचा आणि त्या आडोशाला बुटके पहाडी पाइन लावायचे. करायला सोपं वाटतं, पण दांड्यावर वर्षं गेली. काटक्यांच्या ओळी आजही बदलाव्या लागतात. खालच्या उतारावर नव्या, अजून हिरवट फांद्या रोवलेल्या दिसल्या.

गावं, शहर, सगळ्यांची नावं बदलली. टेकडी मात्र रशियनमध्येही 'विसोता एफा', एफाची उंची.

माझ्या पुढे एक बाप आणि त्याचा सात-आठ वर्षांचा मुलगा चालले होते. मुलगा फळ्यांच्या कडेला वाकून वाकून वाळूत काहीतरी शोधत होता. बाप हसत मला काहीतरी बोलला आणि मला कळत नाही असं दिसल्यावर त्यानं फोन पुढे केला. पडद्यावर इंग्रजीत सापाचं नाव होतं, खाली फोटो. कोकणात वाढलेल्या माणसाला ओळखायला फोटोची गरज नव्हती. फुरसं. रशियन भाषेत फुरश्याला 'एफा' म्हणतात. टेकडीला नाव त्या सापावरून पडलं, अशी पोराची खात्री होती. खाली पाटीवर खरी हकिगत लिहिली होती, पण बापानं पोराला ती वाचून दाखवली नव्हती. मीही बोललो नाही. त्याच्याबरोबर वाकून थोडा वेळ वाळूत बघितलं.