जसं आभाळ, तसा हंगाम

आभाळ सगळ्यांशी सारखं वागत नाही, हे संगमनेरकराला वेगळं सांगावं लागत नाही. प्रवरा जिथं रतनगडाच्या कुशीत जन्मते, त्या रतनवाडी-घाटघरच्या बाजूला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. तीच नदी भंडारदरा, निळवंडे, अकोले मागं टाकून संगमनेरात म्हाळुंगीला भेटते, तोवर पाऊस जेमतेम दहाव्या हिश्शावर आलेला असतो. वर गुडघाभर चिखलात भाताची आवणी चाललेली, आणि खाली बाजरीच्या पेरणीसाठी माणसं ढगांकडे डोळे लावून बसलेली. नदी एकच, आषाढ मात्र दोन.

असा आषाढ पाहिलेल्या मुलुखातल्या पोरांना युरोपचं फुटबॉल अधिक उमगायला हवं. रब्बीत शेतीची वीज रात्रीची असली की गव्हाला दारं धरायला जावं लागतं. बिबट्याच्या धास्तीनं दोघं-तिघं मिळून जातात, आणि सारा भरेपर्यंत कुणाच्या तरी मोबाइलवर सामना लागलेला असतो. पडद्यावर गोल दिसतात, गुण दिसतात. खेळाडूंच्या तोंडातून निघणारी वाफ दिसते, तिकडं मात्र फारसं कुणी पाहत नाही.

ऑगस्टात हंगाम सुरू होतो तेव्हा सेव्हिलमध्ये पारा चाळिशी गाठतो. म्हणून तिथले सामने रात्री साडेनऊला ठेवतात. संगमनेरात तेव्हा एक वाजलेला असतो. इंग्लंडात नाताळच्या दुसऱ्या दिवशीही खेळायची जुनी रीत आहे, तर जर्मनीतली लीग त्याच दिवसांत सुट्टीवर जाते. इंग्लंडला या हट्टाची किंमतही मोजावी लागली आहे. 1963 च्या हिवाळ्यात मैदानं अशी गोठली की एफए कपची तिसरी फेरी संपायला 66 दिवस लागले. तशा दिवसांवर उपाय म्हणून एव्हर्टन क्लबनं 1958 सालीच आपल्या गुडिसन पार्कच्या गवताखाली जमीन तापवणाऱ्या तारा घालून पाहिल्या होत्या.

स्वीडन-नॉर्वेनं हिवाळ्याशी भांडण केलंच नाही. तिथली लीग वसंतात सुरू होते आणि वर्ष सरता सरता संपते. नॉर्वेतलं बूडो हे गाव तर उत्तर ध्रुववृत्ताच्याही वर आहे. तिथल्या बूडो-ग्लिम्ट संघाचं घरचं मैदान कृत्रिम गवताचं, कारण खरं गवत तिथं वर्षभर तग धरणं अवघड. ऑक्टोबर 2021 मध्ये रोमाचा संघ तिथं आला आणि 6-1 असा हरून गेला. एप्रिल 2025 मध्ये लाझिओही तिथं बर्फात 2-0 नं हरला. थंडीनंच सामने जिंकून दिले असं म्हणणं त्या गुणी संघावर अन्याय होईल. पण ज्या वाऱ्यात पाहुण्यांचे पाय आखडतात, त्याच वाऱ्यात ही पोरं लहानाची मोठी झालेली असतात, हे विसरूनही चालणार नाही.

हवामान चेंडूच्या चालीतही उतरतं. ओल्या गवतावर चेंडू सरकत, वेगानं जातो. कोरड्यावर तो अडखळतो. म्हणून भरभर पास देणारे संघ सामन्याआधी मैदानावर मुद्दाम पाणी मारून घेतात.

आपल्याकडं तरी वेगळं काय आहे? कोलकात्याचं फुटबॉल पावसातच वाढलं. मोहन बागाननं 29 जुलै 1911 रोजी ईस्ट यॉर्कशर रेजिमेंटला 2-1 नं हरवून आयएफए शील्ड जिंकली, तीही भर पावसाळ्यात आणि बहुतेक खेळाडू अनवाणी असताना. कोल्हापुरात नेमकं उलटं. तिथं पाऊस उघडला की शाहू स्टेडियम जागं होतं, आणि पाटाकडील, शिवाजी, दिलबहार या संघांच्या नावांनी पेठा तापतात त्या थेट उन्हाळ्यापर्यंत. कोलकात्याचा हंगाम कोल्हापूरवर लादला असता, तर पेठांच्या या ईर्ष्येचं निम्मं पाणी झालं असतं.

सगळ्या युरोपचं वेळापत्रक एकच असावं, अशी मागणी अधूनमधून पुढं येते. ती मान्य होऊ नये. रशियानं 2011-12 मध्ये पश्चिमेकडच्या देशांसारखा हंगाम धरला, पण हिवाळ्यातली लांबलचक सुट्टी काही टळली नाही. आयर्लंडनं मात्र 2003 मध्ये आपली लीग हिवाळ्यातून काढून उन्हाळ्यात आणली, आणि ती अजून तिथंच आहे.