त्या उजेडाचा पत्ता

चि. चिऊस,


तू पाठवलेलं चित्र चार दिवस मोबाईलवर उघडून उघडून बघतोय. वाड्याचं अंगण, संध्याकाळ, उंबऱ्यात बसलेली बाई आणि तिच्या गालावर तो केशरी उजेड. देखणं आहे. खाली तू लिहिलंस, "मामा, चार ओळी टाईप केल्या आणि अर्ध्या मिनिटात आलं. तुला यासाठी किती तालमी लागल्या असत्या?" खरं सांगतो, आधी जरा लागलं मनाला. मग चष्मा चढवून पुन्हा पाहिलं. बाईच्या चेहऱ्यावर उजेड डावीकडून येतोय आणि तुळशीवृंदावनाची सावलीही डावीकडेच पडलीय. एकाच अंगणात सूर्य दोन!

चूक दाखवायची म्हणून हे सांगत नाही. पुढच्या वर्षी हे चित्रं काढणारं यंत्र सावल्याही बरोबर पाडेल. नाटकाची प्रकाशयोजना करणारा म्हणून माझी अडचण वेगळी आहे. त्या उजेडाला पत्ता नाही. तो दिव्यांच्या कुठल्या बारवरून येतो, किती फुटांवरून, वाटेत झालर आडवी येते का, हे चित्राला माहीत असायचं कारण नाही. पण दिग्दर्शक ते चित्र बघून म्हणतो, "मला अस्सं हवंय." आणि मग रंगीत तालमीच्या रात्री, हातात जेमतेम बारा स्पॉट असताना, तो पत्ता आपण शोधत बसतो. गेल्या वर्षभरात असे तीन दिग्दर्शक भेटले मला. पूर्वी ते हातवारे करून सांगायचे, "जरा उदास, पण गोड उदास." ते बरं होतं गं. त्यात मला जागा होती.

मी यंत्राचा वैरी नाही. 1975 साली ब्रॉडवेवर 'अ कोरस लाईन'साठी प्रकाशयोजनाकार थॅरन मसरबाईंनी दिव्यांचा मेमरी असलेला संगणकी बोर्ड वापरला, तेव्हा जुने हातडिमर ओढणाऱ्यांच्या पोटात गोळा आला असेलच. पण त्या प्रकाशयोजनेला टोनी पारितोषिक मिळालं, आणि आज बोर्डात क्यू साठवण्यात कुणाला नवल वाटत नाही. मीही आता चॅनेलच्या याद्या यंत्राकडून करून घेतो. आमच्या पोराने बोर्डासाठी एक छोटा प्रोग्रॅमसुद्धा त्याच्याकडून लिहून घेतला. दोनदा चुकला, तिसऱ्यांदा चालला.

एकदा मात्र यंत्राला अख्खी संहिता वाचायला दिली आणि म्हटलं, उजेड कुठे कुठे बदलतो ते काढ. सुरेख तक्ता आला. दुसऱ्या अंकात आजी म्हणते, "दिवेलागणीची वेळ झाली, बाहेर बसू नकोस." तिथे यंत्राने क्यू टाकला : दिवा लागतो. अगं, तिथे दिवा लागत नाही, दिवस मावळतो! सबंध अंक त्या कातरवेळेवर उभा आहे. मी खूप हसलो, पण तक्ता बाकी उत्तम होता, तो ठेवला.

तुझ्या अभ्यासक्रमाचं म्हणशील तर, प्रकाशयोजनेवरचं मॅकँडलेसचं पुस्तक 1932 चं. प्रत्येक नटावर समोरून दोन बाजूंनी, साधारण 45 अंशांतून दोन दिवे, एक ऊबदार रंगाचा, एक थंड. मीही तिथूनच शिकलो. ही पाककृती आहे, आणि पाककृती यंत्राला तोंडपाठ असणारच. पण तो थंड निळा आपल्या सावळ्या कातडीवर टाकून बघ. चेहरा राखेसारखा दिसायला लागतो. मी तिथे निळ्याऐवजी फिकट जांभळ्याकडे झुकणारं जिलेटिन लावतो, आणि तेही नट बघून. फोटोच्या लॅबमध्ये रंग जुळवायला जी कार्डं असत, त्यांवर वर्षानुवर्षं गोऱ्या बायकाच होत्या. यंत्र ज्या ढिगाऱ्यावर शिकलं त्यात आपली माणसं किती, हे तुझ्या सरांना एकदा विचार.

त्यांना आणखी एक सांग. कागदावरच्या लाइट प्लॉटला मार्क देणं आता थांबवा. तो कुणीही पाच मिनिटांत काढून आणेल. प्लॉटमधल्या एकेका दिव्यावर बोट ठेवून विचारा, हा इथे का?

तापस सेनांची प्रकाशयोजना असलेलं 'अंगार' मी पाहिलेलं नाही. 1959 मधलं कलकत्त्याचं नाटक ते. पण ज्यांनी पाहिलं ते खाण पाण्याने भरत जाते त्या प्रसंगाबद्दल बोलताना अजून आवाज खाली आणतात. रंगमंचावर पाणी नव्हतं, दिवेच होते, आणि तेही साधे. तसं काही सुचायला साधनं अपुरी असावी लागतात की काय, कोण जाणे. मला अधूनमधून तसं वाटतं खरं.

एका गोष्टीचं उत्तर मात्र मला सापडत नाही. पहिली दोन वर्षं मी शिडी धरली आणि क्यू शीटच्या स्वच्छ प्रती केल्या. शिकवलं कुणीच नाही. पण शीट लिहिता लिहिता कळत गेलं की हॅलोजन खाली आणताना लालसर होत जातो आणि म्हणून त्याचा फेड डोळ्याला मऊ लागतो. नव्या एलईडीला हे मुद्दाम शिकवावं लागतं. ते प्रती काढण्याचं कंटाळवाणं काम आता यंत्र करतं. मग तुझ्यासारख्या नवख्या पोरीला विंगेत उभं राहायला निमित्त काय उरलं? तुला पगार कोण देईल, तुला नुसतं बघू कोण देईल?

निदान मी देईन. रविवारी दोन प्रयोग आहेत, दुपारचा एका थिएटरात, रात्रीचा नदीपलीकडे. दोन्हीकडचे बार वेगळ्या अंतरावर. रात्रीच्या ठिकाणी समोरचा बार जवळजवळ दुप्पट अंतरावर आहे, म्हणजे तोच स्पॉट तिथे पाव उजेड देतो. तुझं चित्र घेऊन ये. उंबऱ्यातली बाई दोन्हीकडे बसवून बघू. तिसरी घंटा व्हायच्या आधी तासभर मिळेल, जास्त नाही.

आणि जाड हातमोजे आण. एलईडीने फारसं भाजत नाही हे खरं, पण तिथे अजून चार जुने हॅलोजन आहेत.

तुझा,
मामा