हॅच म्हणजे अंडं फुटणं नव्हे

माझा एक जुना विद्यार्थी पुण्यात अनुवादाची कामं करतो. मागच्या महिन्यात त्याचा फोन आला. "सर, मासेमारीवरचा एक माहितीपट आलाय. त्यात 'मॅच द हॅच' असं सारखं येतं. हॅच म्हणजे अंडं फुटणं ना? मग गळ टाकणारा माणूस अंड्याशी काय जुळवत बसतो?"

मी पडलो मराठीचा मास्तर. मासे खातो, पकडत नाही. पण शब्द अडला की चैन पडत नाही, ही जुनी खोड. चार दिवस वाचत बसलो. जे हाती लागलं ते मजेशीर वाटलं, म्हणून इथे लिहितो आहे.

फ्लाय फिशिंग म्हणजे माशी लावून मासा धरणं. (मासा आणि माशी, काय जोडी जमली आहे पहा!) पण ही माशी खरी नसते. गळावर पिसं, लोकर, दोरा गुंडाळून बनवलेली असते. प्रकार फार जुना आहे. सुमारे अठराशे वर्षांपूर्वी एलियन नावाच्या रोमन लेखकाने मॅसिडोनियातल्या कोळ्यांचं वर्णन केलं आहे. ते गळाला तांबडी लोकर गुंडाळत आणि कोंबड्याची दोन पिसं लावत. ही माशी इतकी हलकी की एकटी फेकता येत नाही. म्हणून दोरीच जाड आणि वजनदार ठेवतात. दोरी फेकायची, माशी तिच्यामागून जाते.

आता हॅच. थंड प्रदेशातल्या नद्यांत 'मेफ्लाय' नावाचा कीटक असतो. त्याचं बहुतेक आयुष्य पाण्याखाली दगडांना धरून जातं, काही जातींत वर्ष-दोन वर्षंसुद्धा. मग एक दिवस तो पाण्यावर येतो, कात टाकतो आणि पंख घेऊन उडतो. त्यानंतर जेमतेम काही तास, फार तर दोन-तीन दिवस. उडणाऱ्या मेफ्लायला खाण्याजोगं तोंडच नसतं! त्याच्या शास्त्रीय नावातही 'एक दिवस टिकणारा' असा ग्रीक अर्थ आहे. असे हजारो कीटक एकाच वेळी पाण्यावर येतात, त्या घटनेला कोळी हॅच म्हणतात. म्हणजे अंडं केव्हाच फुटलेलं असतं. इथे फुटतात ते पंख. कोशातला अर्थ बरोबर, पण इथे लागू नाही. शब्दकोशावर भिस्त ठेवणाऱ्याने हे लक्षात ठेवावं.

त्या वेळी ट्राउट मासा भलताच चोखंदळ होतो. जो कीटक निघाला आहे तोच खातो, दुसरं समोर आलं तरी तोंड लावत नाही. म्हणून कोळी आधी काठावर उभा राहून पाहतो. आज काय निघालं आहे? आकार केवढा, रंग कोणता, पंख कसे? मग पेटीतून तशीच माशी काढून बांधतो. हेच 'मॅच द हॅच'. अर्नेस्ट श्वीबर्ट या अमेरिकन लेखकाचं 'मॅचिंग द हॅच' हे पुस्तक १९५५ साली आलं आणि हा शब्द घरोघरी पोचला.

सिहोऱ्यात ट्राउट नाही. पण हा देखावा आपल्याला परका नाही. पहिला पाऊस पडून गेला की संध्याकाळी उधईची पाखरं निघतात. दिव्याखाली पंखांचा खच पडतो. तीच पाखरं तळ्यावर पडली की मासे वर येऊन मटकावतात. मी त्या मुलाला सांगितलं, "हॅचला 'पाखरं निघणं' म्हण. आणि मॅच द हॅच म्हणजे 'निघेल तसं पाखरू बांधणं'." त्याला पटलं.

पुढे त्याने विचारलं, "आणि फ्लायला आमिष म्हणू का?" इथे मी थांबलो. आमिष म्हणजे मुळात मांस. निरामिष जेवण म्हणतो, त्यातलं हेच आमिष. आमच्याकडचा ढिवर गळाला गांडूळ लावतो, ते खरं आमिष. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर याने इ.स. ११२९ च्या सुमारास मानसोल्लास हा संस्कृत ग्रंथ लिहिला. त्यात मत्स्यविनोदावर एक प्रकरण आहे आणि कोणत्या माशाला काय चारावं हेही सांगितलं आहे. तिथेही माशाच्या तोंडी काहीतरी पडतं. फ्लायमध्ये मात्र खाण्यासारखं काहीच नाही. तेव्हा 'बनावट माशी' म्हण, आमिष नको, असं मी त्याला सांगितलं.

हे सांगताना आमच्या आळीतला एक मुलगा डोळ्यांसमोर आला. बारावी झालेला, पहाटे उठून पोलीस भरतीसाठी धावणारा. भरतीची जाहिरात निघाली आणि त्याच आठवड्यात त्याला फोन आला. पदाचं नाव तेच, परीक्षेची तारीख तीच, शिक्का मारलेलं पत्रही आलं. वडिलांनी धान विकून आलेले पैसे दिले. पुढे तो फोन कायमचा बंद झाला. वर्तमानपत्रात अशा बातमीचा मथळा ठरलेला असतो: 'नोकरीचे आमिष दाखवून फसवणूक'. मला वाटतं, इथेही आमिष हा शब्द चुकतो. त्यात मांस नव्हतंच, नुसती पिसं आणि दोरा. बाहेर काय निघालं आहे हे पाहून तसंच बांधलेलं होतं.

लोक म्हणाले, मुलगा हावरा निघाला. मला हे मान्य नाही. मासा हावरा असता तर समोर येईल ते गिळलं असतं. तो तर नेमकं, रोज ओळखीचं तेच खात होता. फसवणाऱ्याने त्याची हाव नव्हे, त्याची मेहनत आणि तिची वेळ ओळखली होती. म्हणून पोराला दोष देण्याआधी थोडं थांबावं. तो आता घराबाहेर पडत नाही. पहाटे रस्त्यावर त्याच्या पावलांचा आवाज येत नाही, ते मला जास्त लागतं.

एक मात्र घरोघरी सांगायला हवं. जाहिरात खरी असली म्हणजे तिच्या मागोमाग आलेला फोन खरा असतोच असं नाही. उलट जाहिरात निघाली की अधिक सावध व्हायचं. परीक्षेचं शुल्क अधिकृत जागीच भरायचं. त्यापलीकडे कोणी पैसे मागितले की फोन ठेवून द्यायचा.

अनुवाद पूर्ण झाला असं कळलं. 'पाखरं निघणं' तसंच ठेवलं आहे म्हणे. कोणाला याहून नेमका शब्द ठाऊक असेल तर जरूर कळवा, विशेषतः ज्यांच्या घरी जाळं आणि गळ आहे त्यांनी.