बाटलीवरचा त्रिकोण, टाकीतलं औषध

निरवांगीच्या शिवारात ऊस आहे, डाळिंब आहे, द्राक्षबागा आहेत. नीरा ओलांडली की सोलापूर जिल्हा लागतो. या पट्ट्यात रोज होणाऱ्या कामांत जिवाला सर्वांत जास्त धोका असेल तर तो फवारणीत. आणि कामाच्या जागी शब्दांऐवजी खुणेनं बोलण्याचा सरकारी प्रयत्न खेड्यातल्या हातांपर्यंत पोचला तोही फवारणीच्याच बाटलीवरून. 1968चा कीटकनाशक कायदा आणि त्याखालचे 1971चे नियम सांगतात की, प्रत्येक लेबलवर कोनावर उभा केलेला एक चौकोन हवा. त्याच्या खालच्या त्रिकोणात रंग भरायचा : अतिविषारीला लाल, मग उतरत्या क्रमानं पिवळा, निळा, हिरवा. चौकोनाचा आकार लेबलच्या दर्शनी भागाच्या निदान सोळाव्या हिश्शाएवढा असावा, इथपर्यंत तपशील दिलेला आहे. सूचना-पाट्या आणि खुणा आखण्याचं काम करणाऱ्या माणसाला हा नियम वाचताना आधी कौतुक वाटतं. मग शंका येऊ लागतात, आणि त्या चित्रकलेच्या नसतात. खूण कशी काढली यापेक्षा ती कुठे लावली, कोणी कोणाशी ठरवली आणि तिला उत्तर देता येतं का, यावर तिचं काम चालतं, असं माझं मत या एका त्रिकोणानंच पक्कं केलं आहे.

चित्रातले दोष आधी उरकून घेऊ. कवटी आणि हाडांची खूण फक्त लाल वर्गाला आहे. पिवळ्या वर्गात ‘विष’ हे अक्षरांत लिहायचं, चित्र नाही. निळ्या-हिरव्यात धोक्याचा, सावधगिरीचा एकेक शब्द. म्हणजे ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी काढलेली खूण नेमकी दुसऱ्या पायरीवरच अक्षरांच्या आधाराला जाते, आणि कवटी दिसली नाही म्हणून माणूस निर्धास्त होतो. शिवाय चारही वर्गांचा आकार तोच, फरक केवळ रंगाचा. लाल-हिरवा भेद न कळणारे पुरुष थोडेथोडके नाहीत, आणि फवारणी बहुतेक पुरुषच करतात. खाद्यपदार्थांच्या बाबतीत हे उशिरा का होईना लक्षात आलं : 2020च्या नियमांनी मांसाहारी पदार्थावरचा तपकिरी ठिपका काढून तिथे त्रिकोण आणला, म्हणजे रंग चुकला तरी आकार सांगेल. कीटकनाशकाला ती सवलत मिळालेली नाही. हिरव्याची तर वेगळीच अडचण. सिग्नलपासून शाकाहारी ठिपक्यापर्यंत हा रंग ‘बिनधास्त चला’ म्हणतो. बाटलीवर त्याचा अर्थ एवढाच, की प्रयोगशाळेतले प्राणी मरायला मात्रा जास्त लागली. वर्षानुवर्षं अंगावर घेतलेल्या तुषारांबद्दल तो त्रिकोण काहीच सांगत नाही.

हे सगळे दोष उद्या दुरुस्त केले तरी खरा प्रश्न शिल्लक राहतो. बाटली दुकानात दिसते, मालकाला दिसते. औषध मात्र दोनशे लिटरच्या बॅरलमध्ये कालवलं जातं, ब्लोअरच्या टाकीत जातं, आणि फवारणाऱ्या गड्यासमोर येतं ते नुसतं गढूळ पाणी. त्यात पिवळा आणि निळा असे दोन त्रिकोण एकत्र ओतले असतील तर तिसरा कोणता झाला, हे कुठल्याच नियमात नाही. दुसऱ्या दिवशी त्याच बागेत विरळणीला आलेल्या बायकांना तर बाटलीही दिसलेली नसते. 2017मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी-मजूर गेले. कारणं अनेक होती : डोक्याएवढी वाढलेली कपाशी, उकाडा, मिश्रणं, अंगावर संरक्षक कपडे नसणं. त्रिकोण मोठा छापला असता तर ते वाचले असते असं म्हणणं थिल्लरपणाचं होईल. पण बाटल्यांवर त्रिकोण होते, आणि धोका ज्याच्या अंगावर उडत होता त्याच्यापर्यंत ते पोचत नव्हते, एवढं म्हणायला हरकत नाही.

यावर एक उत्तर ठरलेलं असतं : चित्र सगळ्यांना कळतं, ते फक्त योग्य जागी लावा. नाही कळत. 1971-72च्या हिवाळ्यात इराकमध्ये पारायुक्त औषध लावलेलं बियाणं परदेशातून आलं. पोत्यांवर परक्या भाषांत इशारे होते, कवटीची चित्रं होती, दाण्यांना लालसर रंग दिलेला होता. लोकांनी दाणे धुतले, रंग गेला, तेव्हा विषही गेलं असं समजून भाकऱ्या भाजल्या. सरकारी मोजणीप्रमाणे 459 माणसं रुग्णालयांत मेली. किरणोत्साराच्या तीन पात्यांच्या खुणेची गतही फार निराळी नाही. ती पाहून पळावं असं कोणालाच आपसूक वाटत नाही, म्हणून 2007मध्ये आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेनं तिच्या जोडीला नवी खूण आणली : वरून येणारे किरण, कवटी, आणि पळणारा माणूस. ती भारतासह 11 देशांत लोकांना दाखवून तपासली होती. मला यातला पळणारा माणूस महत्त्वाचा वाटतो. आधीची खूण वस्तूचं नाव सांगत होती, ही माणसानं काय करायचं ते सांगते.

ठरवून घेतलेली खूण काय करू शकते हे पाहायला मात्र परदेशी जायला नको. माउलींच्या पालखी सोहळ्यात मुक्कामी समाजआरतीच्या वेळी चोपदार हातातला दंड उंचावतो आणि टाळ-मृदंगाचा सगळा गजर थांबतो. उचललेल्या दंडाचा अर्थ ‘गप्प व्हा’ असा जन्मतः कोणालाच ठाऊक नसतो. तो पिढ्यान्‌पिढ्या वापरून ठरला आहे. आणि त्याहून मोलाची गोष्ट अशी, की एखाद्या दिंडीची तक्रार असेल तर तिचे टाळ थांबत नाहीत. ते वाजत राहतात, मग तिथे जाऊन विचारपूस होते. म्हणजे वरून खाली येणाऱ्या खुणेला खालून वर जाणारं उत्तर ठेवलेलं आहे. आपल्या शेतांवर आणि कारखान्यांत लावलेल्या पाट्यांत मला हेच कुठे सापडत नाही. ‘मास्क घाला’ हे चित्र असतं. ‘मास्क फाटलाय, आज मी फवारणार नाही’ हे सांगणारी खूण गड्याच्या हाती कोणी दिलेली नसते.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे : आता जवळजवळ सगळ्यांना वाचता येतं, खिशात मोबाईल आहे, मग ही बाराखडीपूर्व चित्रं कशाला? वाचता येणाऱ्यालाही घडीपत्रकावरची मुंगीएवढी अक्षरं वाचवत नाहीत, हे एक. दुसरं, ब्लोअर चालू असताना बोललेलं ऐकू येत नाही आणि औषधाच्या हातानं फोन काढायचा नसतो. अशा वेळी लांबून दिसणारं निशाणच कामाचं. पण हा आक्षेप अर्धा मान्य करावा लागतो. किती मिली, किती दिवसांनी, कशात काय मिसळू नये, हे कुठलंही चित्र सांगणार नाही. ते तोंडानंच सांगायला हवं. खुणेनं थांबवावं किंवा पाठवावं, त्यापलीकडे तिच्यावर भार टाकू नये. द्राक्ष निर्यातीसाठी ग्लोबलगॅपचं प्रमाणपत्र घेणाऱ्या बागांत धोक्याच्या पाट्या सक्तीच्या असतात. चांगली गोष्ट आहे, पण त्यातल्या बऱ्याचशा तपासणीला येणाऱ्याकडे तोंड करून उभ्या असतात, आणि एकाच फळीवर आठ चित्रं असली की मजुराच्या लेखी ती भिंतच होते.

त्यापेक्षा बांधावर एक लाल कापड पुरे. अमेरिकेत फवारलेल्या शेताच्या वाटेवर हात उगारलेल्या माणसाचं चित्र लावतात. आपल्याकडे उसाच्या ट्रॉलीमागे लाल फडकं बांधायची सवय आहेच, तेव्हा तेच घ्यावं. फवारणी झाली की बागेच्या तोंडाशी फडकं लावायचं, आणि ते असेपर्यंत आत पाऊल टाकायचं नाही, हे हंगामाच्या आधी मालक, मुकादम आणि टोळीतल्या बायका यांनी एकत्र बसून ठरवायचं. लावणारा फवारणारा गडीच हवा, कारण टाकीत काय गेलं याच्या सर्वांत जवळ तो असतो. काढायचं कोणी हे त्याहून नीट ठरायला हवं. मुदत संपून चार दिवस झाले तरी फडकं तसंच लोंबत राहिलं, तर पाचव्या दिवशी टोळी त्याच्याखालून आत जाईल, आणि पुढच्या फवारणीनंतरही जाईल.