पायथ्याचं दर्शन

आई-बाबा सांगलीहून डब्लिनला येणार हे नक्की झालं आणि आमच्या घरी सगळ्यात आधी काय झालं असेल तर यादी झाली. फ्रिजवर लोहचुंबकाने चिकटवलेली, दोन्ही बाजूंनी लिहिलेली. आधी आम्ही दोघांनी लिहिली, मग मुलीने भर घातली, मग शेजारच्या आयरिश आजींनी चहाला आल्या असताना वाचून 'नॉक राहिलं की!' म्हणून तेही लिहायला लावलं. शेवटी बावीस ठिकाणं झाली. मुक्काम होता पाच आठवड्यांचा, पण आमची सुट्टी मात्र दहाच दिवस.

इथे येऊन आम्हाला बारा वर्षं झाली. या बारा वर्षांत आई-बाबांचं येणं तीनदा ठरलं आणि तीनदा राहिलं. एकदा आजीचं आजारपण, एकदा करोना आणि एकदा बाबांची अँजिओप्लास्टी. या खेपेला डॉक्टर म्हणाले, "जायचं तर आत्ता जाऊन या." त्या 'आत्ता'चा अर्थ आम्हालाही कळला होता आणि बाबांनाही. बोललं मात्र कुणीच नाही. आम्ही फक्त यादी लांबवत राहिलो.

इंजिनिअरच्या घरात यादीचं वेळापत्रक व्हायला कितीसा वेळ लागतो? लगेच एक्सेलची शीट तयार झाली. पहिला दिवस असा होता: साडेनऊला ट्रिनिटी कॉलेजात 'बुक ऑफ केल्स', साडेअकराला किल्डेअर स्ट्रीटवरचं राष्ट्रीय संग्रहालय, मग डबा खाऊन दीडला क्राइस्ट चर्च, अडीचला सेंट पॅट्रिक कॅथीड्रल आणि चारला चेस्टर बीटी. सगळं एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर. कागदावर पाहिलं तर चूक काढायला जागा नव्हती.

'बुक ऑफ केल्स' म्हणजे इसवी सन ८०० च्या सुमारास ख्रिस्ती भिक्षूंनी वासराच्या कातड्यावर लिहिलेली आणि रंगवलेली शुभवर्तमानं. एकूण ३४० पत्रं, म्हणजे ६८० पानं. १९५३ साली त्यांची चार खंडांत बांधणी झाली. प्रत्यक्षात काचेखाली उघडी असतात ती दोनच पानं. अंधारी खोली, काचेभोवती पाच-सहा भाषांतली गर्दी आणि मागून येणारा हलका रेटा. आई म्हणाली, "गाभाऱ्यात कसं 'चला माऊली, पुढे चला' म्हणतात, तसंच की हे." वरच्या ६५ मीटर लांबीच्या 'लाँग रूम'मधली पुस्तकं २०२२ पासून जतनाच्या कामासाठी हलवायला घेतली. त्यामुळे बहुतेक कपाटं रिकामी होती. बाबांनी मान वर करून लाकडी कमानी डोळे भरून पाहिल्या. आईला मात्र रिकाम्या कपाटांना तिकीट कशासाठी, हे काही केल्या पटेना.

संग्रहालयात पोचेपर्यंत बाबांचा चेहरा उतरला होता. आम्ही घड्याळ पाहत "बाबा, अजून एक दालन, मग डबा" म्हणत होतो. बाबा तिथल्या बाकावर बसले, चष्मा पुसला आणि शांतपणे म्हणाले, "अरे बाळांनो, तुम्ही आम्हाला आयर्लंड दाखवताय की संपवताय?"

आवाज चढला नव्हता, पण आम्ही दोघंही गप्प झालो. बारा वर्षांचं देणं दहा दिवसांत फेडायला निघालो होतो, हे त्या बाकाशी उभं राहिल्यावर लक्षात आलं. फेडायची घाई आमची होती आणि पाय त्यांचे चालत होते.

त्या दिवशी आम्ही कॅथीड्रलं सोडून दिली. धाकट्याची थोडी कुरकुर झाली, कारण क्राइस्ट चर्चच्या तळघरात ऑर्गनच्या नळीत अडकून वाळलेलं मांजर आणि त्याच्या पुढ्यातला उंदीर ठेवला आहे, हे त्याला शाळेत कळलं होतं. त्याची समजूत आईने काढली. रात्री जेवताना तीच म्हणाली, "पंढरपूरला कसं असतं? अंगात बळ असेल त्याने पददर्शनाच्या रांगेत तासन् तास उभं राहावं. नसेल त्याने मुखदर्शन घ्यावं. तेही जमेना तर नामदेव पायरीशी डोकं टेकून कळसाला हात जोडावे. विठोबा काही कमी पावत नाही. तुमच्या आयर्लंडचंही तसंच करू या."

शीट त्याच रात्री पुसली. नवा नियम एकच: एका दिवशी एक ठिकाण आणि तेही बाबा म्हणतील तितका वेळ.

दोन दिवसांनी आम्ही त्याच संग्रहालयात परत गेलो. प्रवेश फुकट असल्याने मनाला लागलं नाही. या खेपेला बाबा अर्डा चषकापुढे पाऊण तास उभे होते. १८६८ साली लिमरिक परगण्यात बटाटे खणताना सापडलेला हा आठव्या शतकातला चांदीचा चषक साडेतीनशेहून अधिक सुट्या भागांतून जोडला आहे. बाबा पाटबंधारे खात्यात ओव्हरसिअर होते. त्यांची नजर नक्षीपेक्षा सांध्यांवर. "खिळा कुठे मारलाय ते दिसतच नाही बघ," असं नातीला दाखवत होते. बाकी दालनं आम्ही पाहिलीच नाहीत आणि कुणाला चुकल्यासारखंही वाटलं नाही.

चेस्टर बीटी हे तर आपल्या लोकांनी आवर्जून पाहावं असं ठिकाण. खाणींच्या धंद्यात पैसा मिळवलेल्या आल्फ्रेड चेस्टर बीटी या अमेरिकेत जन्मलेल्या गृहस्थांनी जगभरची हस्तलिखितं जमवली आणि आयर्लंडला देऊन टाकली. १९५७ साली त्यांना या देशाचं पहिलं मानद नागरिकत्व मिळालं. डब्लिन कॅसलच्या बागेला लागून असलेल्या या इमारतीत कुराणाच्या सुरेख प्रती, जुन्या बायबलचे पपायरस आणि मोगल दरबारची चित्रं आहेत. इथेही तिकीट नाही. आणि गर्दी ट्रिनिटीच्या मानाने काहीच नाही. आई एका मोगल चित्रातल्या बायकांचे दागिने मोजत बसली होती.

न्यूग्रेंजचा दिवस बाबांचा. डब्लिनच्या उत्तरेला बॉइन नदीच्या काठी सुमारे ५२०० वर्षांपूर्वी बांधलेली ही दगडी समाधी. म्हणजे इजिप्तच्या पिरॅमिडांहूनही जुनी. थेट गाडी नेता येत नाही. अलीकडच्या केंद्रात उतरायचं, पूल ओलांडायचा, मग त्यांच्याच बसने जायचं. आत जायची वाट १९ मीटर लांब, अरुंद आणि काही ठिकाणी कमरेत वाकायला लावणारी. एका वेळी थोड्याच लोकांना सोडतात. बाबांना जमेल का, ही धाकधूक आम्हालाच जास्त. ते मात्र भिंतीच्या दगडांवर हात ठेवत सावकाश आत गेले. गाभाऱ्यात मान वर करून पाहतात तो सहा मीटर उंच छत, दगडावर दगड पुढे सरकवत रचलेलं, चुना नाही की सिमेंट नाही. वाइडबाईंनी सांगितलं की वरच्या दगडांना पाणी वाहून जाण्यासाठी खाचा आहेत आणि आतली जागा आजही कोरडी आहे. बाबा आमच्याकडे वळून म्हणाले, "पाच हजार वर्षं गळती नाही! आमच्या सेक्शन ऑफिसला पहिल्याच पावसात बादल्या लागायच्या."

मग दिवे घालवले आणि वाटेवरून एक पिवळी तिरीप जमिनीवरून सरकत आमच्या पायांशी आली. तो उजेड विजेचा. खरा सूर्य येतो तो २१ डिसेंबरच्या आसपासच्या सकाळी, दरवाजावरच्या झरोक्यातून, जेमतेम सतरा मिनिटं. प्रा. मायकल ओ'केली यांनी १९६७ साली तो आत बसून पाहिला. आता त्या दिवसांसाठी सोडत निघते, हजारो अर्ज येतात आणि नंबर लागूनही ढग आले तर काहीच दिसत नाही. बाहेर आल्यावर आई म्हणाली, "हा तर आपल्या अंबाबाईचा किरणोत्सव." कोल्हापूरला नोव्हेंबरात आणि जानेवारीअखेरीस मावळतीची किरणं महाद्वारातून देवीपर्यंत पोचतात. तिथेही ढग आले की भाविक हळहळत घरी जातात. आईने माहेरी असताना तो दोनदा पाहिलेला. बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईंना ती हे मराठी-इंग्रजी मिसळून सांगत होती आणि त्या बाईंना सगळं समजलेलं दिसत होतं.

नॉक हे आईचं गाव म्हणायला हरकत नाही, इतकी ती तिथे रमली. मेयो परगण्यातल्या या खेड्यात २१ ऑगस्ट १८७९ च्या पावसाळी संध्याकाळी चर्चच्या मागल्या भिंतीशी मेरी, जोसेफ आणि सेंट जॉन यांचं दर्शन झालं, अशी साक्ष पंधरा जणांनी दिली. १९७९ साली पोप जॉन पॉल दुसरे तिथे येऊन गेले, २०१८ साली पोप फ्रान्सिस. गावाच्या धर्मगुरूंनी, मॉन्सिन्योर होरन यांनी, 'ओसाड डोंगरावर विमानतळ कशाला' अशी टीका सोसून १९८६ साली तो उभा केला. बाबांना त्याचं भारी कौतुक वाटलं. आईला कौतुक दुकानांचं. माळा, तसबिरी, मेणबत्त्या, पवित्र पाणी भरायच्या लहानमोठ्या बाटल्या. "बुक्का आणि चुरमुरे तेवढे नाहीत," म्हणाली. नळावर रांगेत उभी राहून तिने एक बाटली भरली. ती आता सांगलीच्या देवघरात गंगेच्या तांब्याशेजारी आहे.

राहता राहिला क्रोग पॅट्रिक. वेस्टपोर्टजवळ समुद्रालगत सरळ उभा ७६४ मीटरचा सुळका. सेंट पॅट्रिकने पाचव्या शतकात इथे चाळीस दिवस उपास केला अशी श्रद्धा आहे. जुलैच्या शेवटच्या रविवारी हजारो माणसं चढतात, काही अनवाणी. वरचं छोटं चर्च १९०५ सालचं. दगडांच्या राशींभोवती सात-सात आणि चर्चभोवती पंधरा फेऱ्या घालायच्या, तोंडाने प्रार्थना म्हणत, आणि त्याही आपल्या प्रदक्षिणेसारख्या उजवीकडून. १९८० च्या दशकात या डोंगरात सोनं सापडलं होतं, पण लोकांनी खाण होऊ दिली नाही.

आमच्या पहिल्या शीटमध्ये तो रविवारच होता. 'आयरिश वारी' म्हणून! शेजारच्या आजींनी वेड्यात काढलं. म्हणाल्या, त्या दिवशी गाडी लावायलाही जागा मिळायची नाही, पुढच्या मंगळवारी जा. तसे गेलो.

पायथ्यापासून थोड्या पायऱ्या चढल्यावर सेंट पॅट्रिकचा पांढरा पुतळा आहे. बाबा नातीचा हात धरून, दोनदा थांबत तिथवर आले. वरचं शिखर ढगात होतं. त्यांनी चपला काढल्या, हात जोडले आणि म्हणाले, "आमची ही पायरी. आता तुम्ही जा वर." आम्ही नको म्हणालो, सगळे मिळून खालीच बसू म्हणालो. त्यावर बाबा जरा कडकच झाले. "आषाढीला गावातून दिंडी निघाली की माझी आजी दारात उभी राहून काय सांगायची? 'विठोबाला माझा नमस्कार सांगा.' जाणारा असला तरच नमस्कार पोचतो ना?"

धाकट्याला आई-बाबांजवळ ठेवून आम्ही दोघं आणि मुलगी निघालो. खाली चहाची सोय आहे आणि रस्त्यापलीकडे १९९७ साली उभारलेलं दुष्काळ-स्मारक, हाडांच्या सापळ्यांची शिडं असलेलं काशाचं जहाज. वाटेत मुलगी फारसं बोलली नाही. शेवटची चढण सरळ अंगावर येते. वर वारा आणि धुकं, समोरचं काही दिसेना. चर्चभोवती तिने एकटीने फेऱ्या घातल्या. किती, ते आम्ही विचारलं नाही. उतरताना अर्ध्या वाटेवर धुकं फाटलं आणि क्लू बेमधली शेकडो बेटं एकदम उघडी पडली.

खाली यायला चार तास झाले होते. बाबा बाकावर होते, धाकटा त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून झोपलेला. "सांगितलास का नमस्कार?" त्यांनी नातीला विचारलं.

"हो आजोबा. पण मराठीत सांगितला. चालेल ना?"

बाबांनी नुसती मान हलवली आणि बराच वेळ डोंगराकडे पाहत बसले. ढग सरला होता आणि शिखरावरचं चर्च खालून ठिपक्याएवढं दिसत होतं.

येत्या उन्हाळ्यात ज्यांच्या घरी आई-वडील येणार असतील त्यांच्यासाठी चार गोष्टी. ट्रिनिटी आणि न्यूग्रेंजची वेळेची तिकिटं कितीतरी आधी काढावीत आणि सकाळची पहिली वेळ घ्यावी. लाँग रूम कामासाठी बंद व्हायची आहे, तेव्हा आधी चौकशी करावी. किल्डेअर स्ट्रीटचं संग्रहालय रविवारी आणि सोमवारी दुपारी उघडतं. आणि यादी करायचीच तर ती ज्यांच्यासाठी आहे त्यांना आधी वाचून दाखवावी.

आई-बाबा परत गेले त्याला आता काही महिने झाले. फ्रिजवरची यादी अजून तिथेच आहे. ग्लेनडालॉक, क्लॉनमॅकनॉइस, दोन्ही कॅथीड्रलं, वाळलेलं मांजर असं पुष्कळ राहिलं आहे. बाबा फोनवर अधूनमधून विचारतात, "काढली नाहीत ना रे यादी?" आम्ही नाही म्हणतो.