एकवीसचा आकडा

चाळीस वर्षे रोजमेळ लिहिणाऱ्या माणसाला एक खोड जडते. जे मोजता येते, ते तो लिहून ठेवतो. नवी डिझेल गाडी घरी आली त्याच दिवशी तिच्या कप्प्यात मी एक लहान वही ठेवली. टाकी भरताना पंपाचा नळ पहिल्यांदा आपोआप बंद पडला की थांबायचे, किलोमीटर टिपायचे, पुढल्या खेपेस पुन्हा तेथपर्यंतच भरायचे आणि भागाकार करायचा. पहिला भागाकार आला 14.3. शोरूममध्ये सांगितलेला आकडा होता 21. गाडीच्या पडद्यावर 15.6 दिसत होते, पण दुसऱ्याने घातलेल्या बेरजेवर मी सहसा विसंबत नाही.

2012 साली घेतलेली आमची जुनी डिझेल गाडी 18 देत असे. नवे यंत्र जुन्याहून कमी देते, हे मनाला पटेना. दोन महिन्यांची वही घेऊन मी शोरूममध्ये गेलो आणि ज्या तरुणाने गाडी विकली होती, त्याला चार गिऱ्हाइकांदेखत म्हणालो, “आम्ही तराजूला असे माप लावले, तर बाजार समिती आमचा परवाना काढून घेईल.” तो मान खाली घालून म्हणाला, “काका, आकडा प्रमाणित आहे.” कंपनीला पाठवायचे तक्रारपत्रही मी त्याच रात्री लिहून काढले.

ते टपालात पडले नाही, याचे कारण माझा मुलगा. तो म्हणाला, “अण्णा, आधी आकडा कुठून येतो ते पाहू.” तो येतो प्रयोगशाळेतून. गाडी रस्त्यावर नेतच नाहीत. ती रुळांवर उभी करून, वातानुकूलन बंद ठेवून, ठरावीक वेगाने जवळपास वीस मिनिटे चालवतात. खड्डा नाही, सिग्नल नाही, मागे चार माणसे नाहीत. हे ऐकल्यावर मी थोडा ओशाळलो. हळदीचा नमुना आणि हळदीचा माल यांतला फरक माझ्याहून अधिक कोणाला ठाऊक असावा? ओल्या मालाला आम्ही घट धरतो. या आकड्याला मात्र मी ती धरली नव्हती.

तरीही घट सात किलोमीटरची! त्याचे उत्तर एके सकाळी गाडीनेच दिले. समोर पिवळा दिवा लागला. 1 एप्रिल 2020 पासून लागू झालेल्या बीएस-6 नियमांमुळे नव्या डिझेल गाड्यांत काजळी अडवणारी गाळणी असते. ती भरली की गाडी जादा डिझेल जाळून धूर सुमारे 600 अंशांपर्यंत तापवते आणि काजळी भस्म करते. हे काम नीट होण्यासाठी गाडी काही वेळ सलग, वेगाने धावावी लागते. माझी गाडी धावते कुठे? घर ते मार्केट यार्ड तीन किलोमीटर, दुपारी जेवायला घरी, पुन्हा यार्ड, सायंकाळी परत. इंजिन तापण्याआधीच मी उतरलेला असतो. गाळणी साफ होण्यास प्रारंभ होतो, काम अर्धवट राहते, आणि दुसऱ्या दिवशी तेच डिझेल पुन्हा जळते.

रविवारी सौभाग्यवतींना घेऊन अंकलीच्या पुलावरून कोल्हापूरला गेलो. येताना बाहुबलीला दर्शन घेतले. सांगलीत त्याच पंपावर टाकी भरली. हिशेब 19.2 आला. दिवाही विझला होता.

मुलाने तेव्हा कपाटातून खरेदीचा कागद काढला. त्यावर माझ्याच अक्षरात होते: वार्षिक अंदाज 25,000 किलोमीटर. आठ महिन्यांत गाडी चालली होती 5,400. डिझेलसाठी पेट्रोलच्या गाडीपेक्षा 1,40,000 रुपये अधिक मोजले होते. किलोमीटरमागे सव्वादोन-अडीच रुपये वाचतात असे धरले, तरी ते फिटायला सात वर्षांहून अधिक लागणार. 2012 साली पेट्रोल आणि डिझेल यांच्या भावात लिटरमागे तीसेक रुपयांचे अंतर होते. आज ते त्याच्या निम्म्यावर आले आहे. हे मला माहीत नव्हते असे नाही.

पण 25,000 कोठून आले? ते जुन्या गाडीचे होते. हिंगोली, वसमत, निजामाबाद अशा हळदीच्या पेठा मी तिच्यातून पालथ्या घातल्या. पहाटे निघायचे, रात्री धर्मशाळेत मुक्काम, सूर्यास्तापूर्वी जेवण मिळेल तेथे. आता सौदे फोनवर होतात, नमुने पार्सलने येतात, आणि लांबच्या खेपा मुलगा रेल्वेने करतो. फॉर्म भरताना मला पंचेचाळिशीतला मीच दिसत होतो. बासष्टीतल्या माणसाला विचारायचे राहून गेले. मुलाने हे तोंडाने म्हटले नाही. कागद माझ्यासमोर ठेवून तो जेवायला गेला.

यार्डात आता मी स्कूटरवर जातो. घरी सगळ्यांना याची गंमत वाटते. सुनेने हेल्मेट आणून दिले आहे.

तक्रारपत्र फाडले, पण एक काम उरले होते. गेल्या आठवड्यात शोरूममध्ये गेलो. तो तरुण लांबूनच उठून उभा राहिला. त्याने खुर्ची पुढे केली, चहा सांगितला आणि जरा बिचकतच विचारले, “काका, ॲव्हरेजचेच ना?”

“नाही,” मी म्हणालो, “त्या दिवशी चारचौघांत बोललो, त्याचे.”