ठकीची वाटी

ठकी माझ्याकडे आली तेव्हा १४ वर्षांची होती. आत्याच्या नातीच्या बारशाच्या आठवड्यात ती अंगणात सापडली आणि ती नात आता नववीत आहे, यावरून काढलेलं हे वय. दिवाळीनंतर आत्या अकोल्याचं घर बंद करून मुलाकडे पुण्याला गेली आणि ठकी अमरावतीला माझ्याकडे आली. मी आयुष्यात कधी मांजर पाळलं नव्हतं.

पहिले चार दिवस ती पलंगाखालून निघालीच नाही. नंतर जेवू लागली, आणि मग जेवतच राहिली. संक्रांतीपर्यंत उकडलेल्या चिकनची वाटी दिवसातून पाच वेळा रिकामी व्हायला लागली. पहाटे चारला ती स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहून असा मोठा, घोगरा आवाज काढायची की माझ्या पोटात कालवायचं. मी उठून वाढायची. मला फार समाधान वाटायचं. परक्या घरात म्हातारं जनावर रुळलं, पोटभर खातंय, आणखी काय हवं?

अंगावरून हात फिरवताना मात्र पाठीचा कणा मण्यांसारखा लागायचा. केस राठ झाले होते. शेजारच्या काकू म्हणाल्या, "खाऊन राह्यली ना बाई, मंग काहून भेतं? जंत झाले असतीन." जंताचं औषध दिलं, फरक पडला नाही. मी सकाळ-संध्याकाळ दूध सुरू केलं, त्यानं तिला जुलाब झाले. बहुतेक मोठ्या मांजरांना दुधातली साखर पचत नाही, हे मला नंतर कळलं.

शेवटी आत्याला फोन केला. ती म्हणाली, "तिचं लशीचं पुस्तक टोपलीतच हाय, पाह्य." त्या पुस्तकात दोन वर्षांपूर्वीचं वजन होतं : ४ किलो १००. ठकीला पिशवीत घालून मी किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवलं. पिशवीचं वजन वजा करून २ किलो ९०० भरलं. मी तिथेच उभी राहिले. पाच वेळा जेवणाऱ्या जिवाचं जवळजवळ सव्वा किलो वजन गेलं कुठे?

अकोल्यात पशुवैद्यकाची पदव्युत्तर संस्थाच आहे, त्यामुळे तिथे जनावरांच्या डॉक्टरांची वाण नाही; आणि आत्याचे जुने डॉक्टर ठकीला ओळखत होते. गाडीनं निघालो. लोणी ते माना या टप्प्यात एकेरी मार्गिकेचा ७५ किलोमीटर रस्ता २०२२ च्या जूनमध्ये १०५ तास ३३ मिनिटांत डांबरून गिनीज बुकात गेला. त्या गुळगुळीत रस्त्यावर ठकी मूर्तिजापूरपर्यंत सलग ओरडत होती.

डॉक्टरांनी आधी मलाच विचारलं. पाणी किती पिते? वाळूत ओले गोळे किती निघतात? खाताना मान वाकडी करते का, घास तोंडातून पडतो का? वाटीपाशी येऊन हुंगून परत जाते की येतच नाही? मला एकाचंही धड उत्तर देता येईना. मी फक्त वाटी रिकामी झाली की नाही एवढंच बघत आले होते. हुंगून परत जाणाऱ्या मांजराला भूक असते पण दात दुखतात, किंवा मळमळतं. न येणाऱ्याची भूकच मेलेली असते. दोन्ही वाट्या भरलेल्याच दिसतात, हे त्यांनी समजावलं. मग ठकीच्या गळ्यावरून दोन बोटं हलकेच खाली नेली आणि तिथे माझं बोट ठेवायला लावलं. वाटाण्याएवढी गाठ. छातीचे ठोके मिनिटाला २४० च्या वर.

रक्तातल्या टी-फोरच्या तपासणीनं शंका खरी ठरवली : थायरॉइड वाढलेलं. म्हाताऱ्या मांजरांचा हा आजार वैद्यकानं १९७९ मध्ये प्रथम नीट नोंदवला. ग्रंथी जास्त स्राव सोडते, शरीराची भट्टी भडकते, मांजर खातं आणि जळतं. पहाटेचं ते ओरडणंही त्यातलंच. ज्याला मी रुळणं समजत होते, ते दुखणं होतं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

गोळ्या सुरू झाल्या, दिवसातून दोनदा, चिकनच्या तुकड्यात लपवून. आणि मार्चअखेर ठकीचं जेवण कमी झालं.

खरा गोंधळ इथे उडाला. अमरावतीत पारा चाळिशीला टेकलेला, उन्हानं माणसाचंही जेवण तुटतं. ती गोळी सुरुवातीला मळमळ आणते. भडकलेली भूक ताळ्यावर येणं तर हवंच होतं. आणि चौथी भीती डॉक्टरांनीच घातलेली : वाढलेलं थायरॉइड मूत्रपिंडातून रक्त जोरानं फिरवतं, त्याआड मूत्रपिंडाचा आजार झाकला जातो, थायरॉइड उतरलं की तो उघडा पडतो. एकच वाटी, अर्धी उरलेली, आणि चार अर्थ.

डॉक्टरांनी फोनवर एवढंच बजावलं, की पूर्ण दिवस तोंडाला काही लावलं नाही तर थांबू नका. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं की अंगातली चरबी यकृतात साठते आणि जीव जाऊ शकतो. एकादशी मांजराला सोसत नाही.

मी वही केली. दर रविवारी त्याच काट्यावर वजन. तीन किलोच्या मांजराचे २०० ग्रॅम म्हणजे साठ किलोच्या माणसाचे चार किलो, हे मी पहिल्या पानावरच लिहून ठेवलं. एप्रिलच्या दुसऱ्या रविवारी ठकी निम्मं जेवत होती आणि वजन भरलं ३ किलो १५०. काट्यावरचा आकडा मी दुकानदाराला पुन्हा वाचायला लावला. कमी खाऊन ती भरत होती.

मे महिन्यात मात्र ती वाटीपाशी येऊन हुंगायची आणि मागे सरायची. पाण्याचं भांडं दुपारीच रिकामं व्हायचं. या वेळी डॉक्टरांच्या प्रश्नांची उत्तरं माझ्या वहीत होती. मूत्रपिंडाचं काम दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन थोडं वाढलेलं निघालं. गोळीची मात्रा कमी केली, पातळ जेवण वाढवलं. मांजराची भूक नाकातून जागी होते, म्हणून चिकन कोमट पाण्यावर ठेवून, मनगटावर ऊन लागेल इतकंच गरम करून देते.

आता पहाटे चारला घरात आवाज नसतो. मला तरी जाग येते. स्वयंपाकघरात जाऊन बघते. ठकी कूलरसमोरच्या पोत्यावर झोपलेली असते. सहाला उठते, वाटीपाशी येते, हुंगते. मी वही घेऊन खाली बसते.